जुनी होडी जगवणाऱ्याला कर्ज का नाही? : आमच्या मच्छीमार सोसायटीच्या संचालक मंडळाला खुले पत्र

मा. चेअरमन, सेक्रेटरी आणि सर्व संचालक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी शेवटून दुसऱ्या रांगेतून उठून एक प्रश्न विचारला होता, तो तुम्हाला आठवत असेल. नसला तरी त्यावर मंडपात जो हशा पिकला तो नक्की आठवत असेल. मी विचारलं होतं, जुन्या होडीच्या दुरुस्तीला सोसायटी कर्ज देईल का? स्टेजवरून उत्तर आलं, "जुन्या होडयेर कर्ज दिलां तर उद्या कोण तरी जुन्या छत्रयेर मागतलो." सगळे हसले. मीसुद्धा हसलो, कारण वाक्य चांगलंच होतं. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं की उत्तर मिळालेलंच नाही. ते मिळावं म्हणून हे पत्र. सगळ्या सभासदांनी वाचावं असं वाटतं म्हणून उघड लिहितोय. नावं कुणाचीच घेत नाही, भांडायचं नाहीये.

होडी बाबांची. १९९६ साली बांधलेली, २२ फुटी, फळ्या फणसाच्या, वाके, म्हणजे आतल्या वाकड्या फासळ्या, ऐनाच्या लाकडाचे. आधी वल्ह्यावर आणि शिडावर चालायची, पुढे मागच्या बाजूला मशीन आलं. पेडव्यांची, बांगड्याची कांडाळी जाळी घेऊन दोघं-तिघं जाणार आणि सकाळी लिलावाला परत येणार, एवढाच तिचा व्याप. २०१० साली बाबांनी तिच्यावर फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि ते चिकटवणारं रेझिन यांचं कवच, चढवलं. तेव्हा सगळेच चढवत होते. लाकडावर फायबर मारलं की होडी अमर झाली, अशी समजूत होती. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा होडी वर ओढून माडाला बांधलेली होती. दोरी तुटली आणि ती कुंपणाच्या गडग्यावर आपटली. पंचनामा झाला, अंशतः नुकसान म्हणून १० हजार मिळाले. त्यात एक ताडपत्री आली, एक जाळं आलं आणि फायबरच्या चिरेवर ठिगळ आलं. त्या ठिगळावर आम्ही पुढची काही वर्षं काढली.

पण दरवर्षी होडी जड होत चालली. पूर्वी सहा माणसं तिला सहज वाळूवर घ्यायची, आता आठ लागत. मशीन तेच, पेट्रोल जास्त. आत पाणी दिसायचं नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. पाणी होडीत नव्हतंच, ते फळीत होतं.

आमच्या भागात होडीचं काम कळणारे सुतार आता बोटावर मोजण्याइतके. त्यांतल्या एकाला, ज्यांनी १९९६ साली बाबांबरोबर हीच होडी बांधली होती, मी हातापाया पडून घेऊन आलो. काकांचं वय ७१. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, हातातल्या लाकडी हातोड्याने जागोजागी ठोकत. कुठे 'टण' वाजलं, कुठे 'भद्द'. भद्द वाजेल तिथे खडूने फुली. मग माझ्याकडून पहार घेऊन त्यांनी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाच्या, खाली, फायबरच्या एका कडेत घातली आणि दाबली. फणसाची चारखंड सोलावी तसं पाच-सहा फुटांचं फायबर अखंड सुटून आलं. आतलं लाकूड बघून मी खाली बसलो. रस काढून झालेल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखं, बोटाने उकरता येईल असं, आणि वास आंबूस. काका म्हणाले, "होडी म्हातारी नाय झाली रे. तुमी तिका गुदमरवल्यात."

यातलं शास्त्र पुढे काकांकडून आणि मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या गोष्टींतून मला कळलं. ते इथे लिहितो, कारण अजूनही आपल्या बंदरावर तीन-चार लाकडी होड्या अशाच फायबरमध्ये कोंडलेल्या आहेत. फळी जिवंत असते. पाण्यात फुगते, उन्हात आकसते. फायबरचं कवच हलत नाही. दोघांची ओढाताण होऊन कुठेतरी केसाएवढी चीर पडतेच, आणि तिच्यातून शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. त्यातही स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन तेलकट किंवा दमट लाकडाला नीट धरतच नाही. वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या फळीवर ते चिकटलं होतं असं आम्ही पंधरा वर्षं समजत होतो. ते नुसतं टेकलं होतं.

मोडायची की जगवायची, हा निर्णय काकांनी पाच मिनिटांत दिला. त्यांनी पठाण, म्हणजे तळाचं मधलं लांब लाकूड, तपासलं, दोन्ही टोकांना आणि मधे. सामता (गिरमिट) मारून बघितलं, आतून पिवळाधमक भुसा आला. नाळ शाबूत. "हाडां बरी आसत," म्हणाले. तुमच्यासमोर प्रामाणिकपणे सांगतो, पठाण गेलं असतं तर मीही दुरुस्तीच्या नादी लागलो नसतो. माझ्या शेजाऱ्याच्या होडीचं पठाण मधोमध गेलेलं निघालं, त्याला काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, पैसे घालू नकोस, मोड. त्याने मोडली. बरोबर केलं.

माझ्या होडीत सात फळ्या, पाच वाके आणि मशीन बसतं तो मागचा ट्रान्सम बदलायचा ठरला. फायबर सगळं काढायचं आणि पुन्हा चढवायचं नाही. इथे गावात माझ्याविषयी बरंच बोललं गेलं. नवं जग सोडून हा मागे निघाला म्हणे. मी मागे निघालो नव्हतो, हिशोब मांडत होतो. रोज वाळूवर ओढली जाणारी, रोज वाळणारी होडी उघड्या लाकडाची असलेली बरी. खाडीत बारा महिने पाण्यात उभी राहणारी असती तर शिपवर्म हा लाकूड पोखरणारा किडा लागला असता आणि माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

आता लाकूड. गिरणीवर फणसाचे भाव ऐकून मी परत फिरलो. मग कळलं की शेजारच्या वाडीत आदल्या पावसात वाऱ्याने एक मोठा फणस पडलाय, ओंडके वर्षभर मांगरात, शेतातल्या खोपटात, पडून आहेत. मालकाला सरपणाच्या भावाहून थोडे जास्त पैसे दिले, तो खूश, मी त्याहून खूश. शिवाय वर्षभर सावलीत सुकलेलं लाकूड मिळालं, जे गिरणीवर पैसे देऊनही मिळत नाही. वाक्यांसाठी मात्र काका अडून बसले. सरळ लाकूड कापून वाकडं केलेलं चालणार नाही, धागा वाकलेलाच हवा. मग एक अख्खी दुपार आम्ही दोघं रानातल्या वाटेने वर बघत हिंडलो. चालता चालता काका एका पडीक ऐनाखाली थांबले, एका फांदीकडे काठी दाखवली आणि म्हणाले, "ह्यो वाको माका होयो." खाली ठेवलेल्या पत्र्याच्या साच्याला ती फांदी अशी बसली की जणू झाड वीस वर्षं याच कामासाठी वाकत होतं.

खिळ्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे माझे पैसे वाचले. दुकानदार म्हणाला तांब्याचे घ्या, जन्माचे होतील. मी घेणारच होतो. काकांनी अडवलं. होडीत इतर सगळीकडे जुने लोखंडी खिळे आहेत, त्यांच्या शेजारी तांबं ठोकलं तर खाऱ्या पाण्यात लोखंड आधी खाल्लं जातं. सगळे बदलणार असशील तरच तांबं. तेव्हा जस्त चढवलेले लोखंडी खिळे घेतले, आणि प्रत्येक खिळ्याच्या माथ्याखाली तेलात भिजवलेल्या कापसाची वात गुंडाळून ठोकले. हे काम माझ्याकडे आणि मुलाकडे होतं. रात्री पडवीत बसून आम्ही खिळ्यांना वाती गुंडाळत होतो. बायको म्हणाली, देवासमोर इतक्या कधी वळल्या नाहीत.

ट्रान्समला प्लाय वापरला. इथे सगळ्यांसाठी एक सूचना. 'वॉटरप्रूफ' म्हणून जो प्लाय मिळतो तो बहुतेक वेळा आयएस (भारतीय मानक) ३०३ चा असतो, कपाटांसाठी बरा. होडीला आयएस ७१० चा शिक्का असलेलाच मरीन प्लाय घ्या. शिक्का फळीवर छापलेला असतो, बिलावर नाही, फळीवर बघा. दोन थर इपॉक्सीने चिकटवले, कडा त्यानेच बंद केल्या, वरून फायबरचं कापड. एवढ्याच जागी फायबर, कारण मशीनचा धक्का आणि कंप तिथे बसतो आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरायला तिथेच वाव असतो.

फटी भरायचं काम मी जोमाने करत होतो. छिन्नी आणि हातोडा घेऊन कापूस असा ठासत होतो की पाण्याची काय बिशाद. काकांनी छिन्नी काढून घेतली. "इतको ठासू नको. पाणी लागला काय लाकूड फुगतला आणि खिळे भायर काढतला." सुक्या फळीत जागा ठेवायची असते, पाणी उरलेलं काम करतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

आतल्या बाजूला तळाशी रंग मारला नाही, काजूच्या टरफलांचं तेल पाजलं, दोन हात. हाताची सालपटं निघाली, हातमोजे न घातल्याची शिक्षा. बाहेरून प्रायमर आणि साधा एनॅमल. खाडीत उभ्या राहणाऱ्या मोठ्या बोटींना लावतात तो शेवाळ-कालवं न धरणारा महागडा रंग मी घेतला नाही. आमची होडी रोज वाळूवर येते, तिच्या बुडाला कालवं धरायला सवड कुठे? त्याऐवजी पठाणाखाली ऐनाची एक पट्टी ठोकली. वाळूवर घासून झिजायची ती झिजेल, दोन वर्षांनी पट्टी बदलायची, पठाण नाही.

मशीनचं काम तालुक्याच्या मेकॅनिककडे. गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं, म्हणजे सील गेलेलं आणि आत पाणी. सील, पाणी खेचणारा इम्पेलर, प्लग आणि नवा झिंक. जुन्या झिंकवर मी स्वतःच दोन वर्षांपूर्वी हौसेने मशीनच्या रंगाचा हात मारला होता. झिंक असतो तोच मुळी मशीनऐवजी खाल्ला जावा म्हणून. त्यावर रंग फासला की त्याने खायचं कसं आणि मशीनने वाचायचं कसं? मेकॅनिक काही बोलला नाही, फक्त तो रंगवलेला गोळा माझ्या हातात ठेवला.

आता हिशोब. लाकूड ३१,५००. सुतार १९ दिवस, रोजी १,२००, म्हणजे २२,८००. खिळे-बोल्ट ९,२००. कापूस, राळ, तेल, पुट्टी ४,६००. मरीन प्लाय, इपॉक्सी आणि कापड ८,९००. रंग ७,३००. मशीन ११,४५०. टेम्पो, गिरणीची कापणावळ आणि जेवणखाण ५,२५०. एकूण १,०१,०००. मदतनीस म्हणून मी आणि मुलगा, आमची मजुरी धरलेली नाही. बिलं आहेत, काही कागदावर, काही सिगारेटच्या पाकिटामागे.

या १ लाख १ हजारात माझी शिल्लक ४० हजार. ४५ हजार बायकोची चेन ठेवून आणले. १६ हजार अजून देणं आहे. चेन ठेवायची कल्पना तिचीच. म्हणाली, "चेन घालून मी खय जातलंय? होडी दर्यात गेली तर चेन परत येतली." इतक्या सरळ हिशोबाने सोसायटीत कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो.

नवी फायबरची होडी घ्यायला मी चौकशी केली होती. मशीन सोडून ३ लाख ६० हजार सांगितले. सेक्रेटरींनी मला चांगल्या मनाने योजनेचा कागदही दिला होता, त्याबद्दल आभार. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्याच्या बदल्यात नवी होडी आणि जाळी यासाठी ५ लाखांचा प्रकल्प धरतात. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. म्हणजे माझ्यासारख्याला २ लाख अनुदान आणि ३ लाख पदरचे. ज्याच्याकडे ३ लाख आहेत त्याच्यासाठी योजना उत्तम आहे, मी तिला नावं ठेवत नाही. माझ्याकडे ४० हजार होते.

किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना लागू झालं ते चांगलंच. पण ते हंगामाच्या खर्चाला, बर्फ, इंधन, जाळ्याची डागडुजी, मजुरी यांना. सात फळ्या आणि पाच वाके त्यात बसवायला गेलात तर बँकेतला साहेब बरोबरच नकार देईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. शेतकऱ्याला विहिरीच्या दुरुस्तीला पैसे मिळू शकतात तर नाखव्याला होडीच्या दुरुस्तीला का नाहीत, हे वर विचारायचं काम तुमचं आहे. माझ्या एकट्याच्या अर्जाला तिथे कोण विचारतो?

पण वरचं राहू दे. सोसायटीचा स्वतःचा निधी आहे. अहवालात दरवर्षी छापून येतो, मी वाचतो. त्यातून दुरुस्तीसाठी १ लाखापर्यंत कर्ज द्यायला कुणाच्या परवानगीची गरज पडू नये, सभेचा ठराव पुरेसा ठरावा. कर्ज बुडेल ही तुमची भीती मला पटते. थकबाकीदारांची यादीही मी वाचतो. फक्त एक बघा, त्या यादीत मोठ्या रकमा कुणाच्या आहेत. छोट्या होडीवाल्याला गाव सोडून जाता येत नाही, त्याची होडी रोज सकाळी तुमच्या ऑफिससमोर वाळूवर येते. लिलावाला येणाऱ्या मासळीतून शेकडा १० कापा. ऑगस्ट ते मे, जमेल तितकं. ज्या महिन्यात बांगडा नाही त्या महिन्यात कमी कापलं जाईल, ज्या दिवशी सरंगा लागेल त्या दिवशी जास्त. हप्ता बँकेसारखा ठरावीक ठेवलात तर मात्र मीही थकबाकीत येईन, आताच सांगून ठेवतो.

आणि तपासणी करा. ज्याचं पठाण आणि नाळ शाबूत त्यालाच कर्ज. त्यासाठी सुताराचा दाखला. सुताराला त्याची फी. अधिकाऱ्याने टेबलावरून नाही, काकांसारख्या माणसाने हातोडा वाजवून सांगावं.

पैसा कधी द्यायचा, हे रकमेइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्याकडची सगळी कर्जं ऑगस्टच्या तोंडावर निघतात, नारळी पौर्णिमेच्या आसपास. जाळ्यांना ते बरोबर. होडीच्या दुरुस्तीला ते निरुपयोगी. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी, होड्या वर, माणसं रिकामी, म्हणून सगळ्यांना वाटतं दुरुस्ती तेव्हा करावी. सुतारकाम करता येतं, माडाच्या चुडतांच्या खोपीत बसून आम्ही केलंच. पण पाऊस सुरू झाल्यावर ना इपॉक्सी नीट बसतं ना रंग. हवेतच पाणी असतं. मी १२ एप्रिलला सुरुवात केली आणि मे अखेरपर्यंत थोडं सुतारकाम सोडून बाकी सगळं उरकलं. त्यापायी शेवटच्या सात आठवड्यांची मासेमारी बुडाली, म्हणूनच चेन गेली. मार्चमध्ये ५० हजार हातात असते तर मी होडी अर्धी-अर्धी करून मासेमारीही धरली असती.

शेड. बर्फाच्या कारखान्यामागची सोसायटीची शेड पावसाळ्यात रिकामी असते. नाही, पूर्ण रिकामी नसते, तिथे गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्यांची थप्पी असते. दोन होड्या तिथे मावतील. भाडं घ्या.

शेवटची मागणी ही खरं तर पहिली असायला हवी होती. काका ७१ वर्षांचे आहेत. त्यांचा मुलगा पुण्यात फर्निचर करतो, चांगलं कमावतो, परत यायचा प्रश्न नाही. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आपल्या मालवणला झाला. सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर युद्धनौका उभ्या राहिल्या, महाराजांच्या आरमारावर भाषणं झाली. माझा मुलगा खांद्यावर घेण्याच्या वयाचा नसल्याने मी शेजारच्याच्या पोराला खांद्यावर घेऊन बघितलं, मलाही भरून आलं. त्याच दिवशी काका तालुक्यात एका हॉटेलचं दार बसवत होते, कारण होडीचं काम सहा महिन्यांत आलं नव्हतं. विजयदुर्गाजवळ आरमाराची गोदी होती, हे आपण पाहुण्यांना दाखवतो. गोदीचा दगड राहिला, त्यात काम करणारे हात दर पिढीला कमी होत गेले.

काका शिकवायला तयार आहेत. मी विचारलंय. फक्त म्हणाले, फुकट शिकायला येणारा शिकत नाही आणि फुकट शिकवणारा शिकवत नाही. दोन पोरं, पावसाळ्याचे दोन महिने, पोरांना रोजी, काकांना रोजी, आणि सराव करायला सभासदांच्या होड्या. त्याचा खर्च मी सेक्रेटरींना लिहून दिला आहे, वार्षिक सहलीच्या खर्चाहून तो कमी आहे. सहल बंद करा असं मी म्हणत नाही. मीही येतो सहलीला.

कुणी म्हणेल, लाकडाचे दिवस संपले, पोरं सगळी फायबरवर आहेत, सुतार शिकून करायचं काय. फायबरची होडी काय दुरुस्त करावी लागत नाही? उलट तिथे तर जास्त कळावं लागतं. गेल्या वर्षी आपल्याच बंदरावर एका पोराने घाईत एकाच मगात कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करायला घालतात ती दोन रसायनं, ओतलं. या दोन वस्तू कधीही थेट एकमेकांत घालायच्या नसतात, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग वेगळ्याने हार्डनर. ते मिश्रण त्याच्या हातातच पेटलं. नशिबाने बाजूला वाळू होती. ही गोष्ट डब्यावर बारीक इंग्रजीत छापलेली असते. किलोभर रेझिनला हार्डनर किती मिली, हे आपली पोरं अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने ठरवतात. ऊन जास्त असेल तर कमी, ढग असेल तर जास्त, आणि मग एक थर कडकडीत, दुसरा चिकट. सोसायटीने रेझिन, खिळे, रंग एकदम आणून सभासदांना दिले आणि एक मापाचं भांडं दिलं तरी निम्मे घोळ कमी होतील.

आणि मेलेल्या फायबरच्या होड्यांचं काय? खाडीच्या तोंडाला पाच पडल्यात. लाकडाची होडी मेली की चुलीत जाते, कुंपणाला जाते, शेवटी माती होते. ही ना कुजते, ना जाळता येते. जाळली तर धुराने श्वास कोंडतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचून डास होतात आणि पंचायत सोसायटीकडे बोट दाखवते, सोसायटी मालकाकडे, मालक मुंबईत. नव्या होडीला कर्ज देताना जुनीचं काय करणार हा एक रकाना तुमच्या अर्जात घाला, एवढंच सुचवतो. मला उत्तर माहीत नाही.

होडी जुलैच्या अखेरीस खाडीत उतरवली. पहिल्या दिवशी ती प्यायली. सगळ्या फटींतून पाणी आत, बघणाऱ्यांची गर्दी, आणि तुमच्यापैकीच एक संचालक म्हणाले, "एक लाखाची चाळण केलंस रे." मी काही बोललो नाही, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. काकांनी पान लावलं आणि घरी गेले. दोन रात्री ती भरल्या पोटाने खाडीत उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पाणी उपसून काढलं. संध्याकाळी जाऊन बघितलं तर तळाला दोन डबे पाणी. चौथ्या दिवशी एक. आता रोज समुद्रावरून आल्यावर एखादा डबा निघतो, तेवढा निघायलाच हवा, असं काका म्हणतात. वाळूवर ओढायला पुन्हा सहा माणसं पुरतात. पेट्रोल किती वाचतं ते अजून नीट मोजलेलं नाही, हंगाम सुरू होऊन तीनच आठवडे झालेत.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत 'होडी दुरुस्ती कर्ज' हा विषय घ्यावा, अशी माझी लेखी विनंती सोबत दिली आहे, २३ सभासदांच्या सह्यांनिशी. 'ऐनवेळचे विषय' यात नको. ते येईपर्यंत निम्मा मंडप जेवणाच्या रांगेत असतो.

सभेआधी संचालक मंडळाने एकदा होडी बघायला यावं. सकाळी आठच्या आत आलात तर ती ओली असेल, दहानंतर वाळूवर सुकलेली. दोन्ही वेळा येऊन बघितलीत तर उत्तम. येताना एक पेचकस घेऊन या. नाळेपासून तिसरी फळी डाव्या बाजूला नवी आहे आणि तिच्या खालची १९९६ सालची. दोन्हींत टोचून बघा आणि कुठली जुनी ते मला सांगा.

आपला,
एक सभासद
मालवण तालुका

ता. क. : हिशोबात चेनवरचं व्याज धरायचं राहिलं. बायकोने वाचून लक्षात आणून दिलं. ते दरमहा वेगळं चालू आहे.